कापसाचा बर्फ

उपमा अलंकार शिकवताना 'हिमासारखा शुभ्र कापूस' हे उदाहरण मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आले. उपमेय कापूस, उपमान हिम, साधर्म्य शुभ्रतेचे आणि साम्यवाचक शब्द 'सारखा'. उपमेची चारही अंगे एका ओळीत सापडतात, म्हणून अध्यापकाला हे उदाहरण सोयीचे. समोरच्या बाकांवर बसलेली मुले घाटंजी, राळेगाव, कळंब, आर्णी अशा तालुक्यांतून आलेली असतात. हिम त्यांच्यापैकी कुणी पाहिलेले नसते; कापूस मात्र बहुतेकांनी स्वतःच्या हातांनी वेचलेला असतो. उपमान हे उपमेयापेक्षा अधिक परिचित असावे असे एका वाक्यात सांगायचे आणि पुढच्याच वाक्यात हे उलटे उदाहरण द्यायचे, ही विसंगती माझ्या ध्यानात आली नाही. ती दाखवून दिली एका नऊ वर्षांच्या मुलाने. तीही वर्गात नव्हे, तर शेजारच्या ओसरीवर, नाताळची सजावट करताना.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका मिशन रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका राहतात. सारी गल्ली त्यांना 'सिस्टर' म्हणते आणि मुले 'सिस्टर आजी'. यवतमाळला ख्रिस्ती वस्ती नवी नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचे काम या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था १९५३ पासून १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत याच शहरात होती. तरीही आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच. त्यामुळे सिस्टरांच्या घरचा नाताळ हा आपसूकच गल्लीतल्या सगळ्या मुलांचा नाताळ होतो. डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की शाळेतून आलेली मुले दप्तर घरात टाकून त्यांच्या ओसरीवर जमतात. बाजारातून काही विकत आणायचे नाही, हा सिस्टरांचा दंडक. त्यामागे काटकसर आहे आणि थोडा हट्टही. तीन-चार वर्षांपूर्वी माझी मुलगीही त्या मुलांत जाऊ लागली आणि तिच्यामागून मीही.

पहिले काम चांदणीचे. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या चिरून आणायच्या, सारख्या लांबीच्या दहा. पाच कामट्या एकमेकींवरून तिरप्या नेऊन टोके दोऱ्याने बांधली की एक चांदणी होते, तशीच दुसरी. मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून त्यांची पाचही टोके एकत्र आवळायची आणि आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी वीतभर लांबीचे टेकू बसवायचे. टेकू बसताच सपाट चांदणीला पोट येते आणि आत दिवा लावायला जागा होते. मुलांना हा क्षण फार आवडतो. त्यावर पतंगी कागद, आणि कागदासाठी मैद्याची खळ. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घातले तर तिला कीड लागत नाही, हे आपल्या जुन्या पुस्तकबांधणीवाल्यांचे ज्ञान. पण मोरचूद विषारी, आणि खळीने बरबटलेले हात मुले तोंडात घालणारच. तेव्हा सिस्टर ते घालू देत नाहीत. 'चांदणी एक महिना टिकली की पुरे,' असे त्यांचे म्हणणे.

मला हे काम नवे वाटले नाही. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हाताला कामटी, दोरा आणि खळ यांची ओळख असतेच. पुढे वाचनात आले की जर्मनीतल्या नीस्की या गावी मोरावियन पंथाच्या एका निवासी शाळेत १८३० च्या दशकात मुलांना भूमिती समजावी म्हणून कागदाची बहुकोनी चांदणी करायला शिकवत; तीच पुढे तिकडच्या नाताळची खूण झाली. तिच्या गाभ्यात चौकोन आणि त्रिकोणच असतात. आपल्या पारंपरिक आकाशकंदिलातही चौकोन आणि त्रिकोणच. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. कागद, काडी आणि उजेड एकत्र आणायचे म्हटले की मुलांचे हात कुठेही याच आकारांपाशी पोचत असावेत, इतकेच.

दुसरे काम गोठ्याचे. येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत निजवले, ही कथा. मराठी शुभवर्तमानात 'गव्हाण' हाच शब्द आहे आणि शहरातल्या वाचकाला तो आता कोशात पाहावा लागेल. आमच्या मुलांना मात्र त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याचा गोठा, त्यावर गवताचे छप्पर, जमिनीवर कुटार. गोठ्यात बैल हवा, म्हणून माझ्या मुलीने घरून तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली लहान मुले चाकांचा लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. भाद्रपदापासून माळ्यावर पडलेला आमचा तो बैल डिसेंबरात चाकांसकट येशूच्या उशाशी उभा राहिला. शिंगांना लावलेले बेगड अजून शाबूत होते. एका मुलाने शंका काढली, हा बैल चालेल का? सिस्टर म्हणाल्या, 'न चालायला काय झालं? बैलाला कुठं धर्म असतो?'

खरे तर लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल नाही. बैल आणि गाढव यशयाच्या पुस्तकातल्या एका वचनाच्या आधाराने परंपरेने तिथे आणून बांधले. इटलीतल्या ग्रेच्चो या गावी १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण, खरे गवत आणि जिवंत बैल व गाढव आणून तो प्रसंग गावकऱ्यांपुढे उभा केला, तिथून या देखाव्याची प्रथा रुजली असे मानतात. म्हणजे प्रत्येक गावाने आपल्या गोठ्यातला बैल त्या गोठ्यात बांधावा, हे प्रथेच्या मुळाशीच होते. आमचा चाकांचा बैल परंपरेला धरूनच होता.

तिसरे काम झाडाचे, आणि घोटाळा तिथे झाला.

तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून सिस्टर दरवर्षी सुरूची फांदी उभी करतात. रंगीत कागदाच्या साखळ्या, काडेपेट्यांवर चकचकीत कागद गुंडाळून केलेल्या इवल्या भेटी, नारळाच्या शेंड्यांचे पक्षी, असा सगळा साज झाला. तरी मला काहीतरी उणे वाटत होते. झाडावर बर्फ नव्हता. औषधाच्या दुकानातून अर्धा किलोचा कापसाचा गुंडाळा मीच आणला. ओसरीवर बसून मुलांना दाखवले, असा पिंजायचा, असा हलक्या हाताने फांद्यांवर सोडायचा. मुलांना खेळच मिळाला. एकमेकांच्या डोक्यावर, अंगावर कापूस उडू लागला. फरशीवर त्याचे झुबके लोळू लागले. मीही हसत होते.

त्या मुलांत एक मुलगा राळेगावकडच्या खेड्यातून मावशीकडे शिकायला आलेला होता. बोलायला थोडका, पण हाताने चलाख. चांदणीच्या गाठी त्यानेच सर्वांत घट्ट बांधल्या होत्या. तो कापसाला हात लावीना. थोडा वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, 'काकू, कापूस असा कायले फाडून राह्यल्या?'

मी म्हटले, 'अरे, हा कापूस नाही. हा बर्फ आहे.'

'बर्फ नाही होय तो,' तो म्हणाला, 'कापूसच हाये.'

बाकीची मुले हसली. माझ्याही चेहऱ्यावर हसू असावे. त्याने पायाशी पडलेला एक झुबका उचलला, त्याला लागलेली धूळ फुंकली, तो गुंडाळ्यावर नीट ठेवला आणि चपला घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

माझ्या बोलण्यात त्याला लागण्यासारखे काय होते, याचा उलगडा मला त्या रात्री घरी बसल्यावर होऊ लागला. मी कापूसपिकाच्या जिल्ह्यात जन्मले नसले तरी इतकी वर्षे इथे राहते. काही गोष्टी मला ठाऊक होत्या. त्या कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, इतकेच. क्विंटलभर कापूस पिंजला तर सरकी वजा जाऊन जेमतेम तेहेतीस-चौतीस किलो रुई हाती येते. म्हणजे अर्ध्या किलो रुईमागे सुमारे दीड किलो कापूस. एका बोंडात चार ग्रॅम कापूस धरला तर पावणेचारशेच्या आसपास बोंडे. प्रत्येक बोंडाशी हात एकदा न्यावा लागतो, आणि वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडांना टोचतात. हात बहुधा बाईचे असतात आणि मजुरी किलोवर मिळते. त्या मुलाची आई त्याच सुमारास वेचणीला जात होती, हे मला नंतर कळले. मी जे हसत हसत उधळले, ते तिच्या लेखी मोजून पदरात पडणारे होते.

आणखी एक गोष्ट होती, ती भाषेची. त्या वस्तूला तिचे नाव परत देणारा तो एकटाच होता आणि मी त्याला 'हा कापूस नाही' असे सांगितले होते. अलंकारात उपमेयाचा निषेध करून उपमानाची स्थापना केली की तिला अपन्हुती म्हणतात. 'हे मुख नाही, हा चंद्र आहे.' कवितेत ती सुंदर दिसते. ज्याच्या घरात ते उपमेय पोत्यांनी भरून भावाची वाट पाहत पडलेले असते, त्याला ती ऐकवताना विचार करायला हवा होता.

मग प्रश्न पडला, हा बर्फ माझ्या डोक्यात आला कुठून? दुसऱ्या दिवशी सिस्टरांना विचारले, तर त्यांनी ट्रंकेतून एक पाकीट काढले. त्यांच्या लहानपणी मिशनच्या आवारात परदेशातून जुनी नाताळची भेटकार्डे येत. मुली त्यांतली चित्रे कातरून दोऱ्याला चिकटवीत आणि तोरण करीत. बर्फाने झाकलेली छपरे, बर्फात उमटलेली पावले, बर्फाने वाकलेली झाडे. 'आम्हाला वाटायचं, येशूच्या गावी असंच असणार,' त्या म्हणाल्या.

बेथलेहेमच्या कथेत बर्फ नाही. तो इंग्लंडातून आला. हेन्री कोलने लंडनला पहिले व्यापारी नाताळकार्ड छापून घेतले ते १८४३ साली. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' त्याच वर्षीच्या डिसेंबरातली. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले १८४८ मध्ये. आज जगभर नाताळचे म्हणून जे दृश्य ओळखले जाते, त्याचा मोठा भाग त्या दशकाने घडवला. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांचे लक्ष वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला' बांधली गेली ती मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच. ती गाडी थांबून आता काही वर्षे झाली. तिच्या डब्यांतून आमचा कापूस सातासमुद्रापार गेला आणि तिथले बर्फाचे चित्र पाकिटांतून आमच्याकडे आले. मी औषधाच्या दुकानातून तो गुंडाळा आणला, तेव्हा या दोहोंची गाठ आमच्या ओसरीवर पडली.

सिस्टरांनी मला उपदेश केला नाही. त्यांनी फांद्यांवरचा सगळा कापूस उतरवला, स्वच्छ तेवढा पुन्हा गुंडाळला आणि म्हणाल्या, 'मॅडम, हा मी ड्रेसिंगला वापरीन. गल्लीत रोज कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटतो.' संध्याकाळी त्या मुलाच्या मावशीकडे आम्ही दोघी गेलो. मी त्याला म्हटले, 'तू म्हणालास तेच खरं. मी चुकले.' शिक्षकाला हे वाक्य उच्चारण्याची सवय नसते. तो काही बोलला नाही, मान खाली घालून बसला. उठताना सिस्टरांनी सहज विचारले, 'आमच्या झाडाचं काय करायचं रे आता?'

बावीस की तेवीस डिसेंबरला त्याचे वडील जिनिंगवर कापूस घेऊन आले होते. गाड्यांच्या रांगेत रात्र काढून, माप करून ते मुलाला भेटायला आले, तेव्हा त्यांच्या हातात मुळासकट उपटलेली एक पऱ्हाटी होती. मुलाने फोनवर मागितली होती म्हणे. बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून फरदड न घेता डिसेंबर संपेपर्यंत पऱ्हाट्या उपटाव्यात, असे कृषितज्ज्ञ सांगतात. तेव्हा ती नाहीतरी उपटायचीच होती. कमरेएवढी उंच, पाने झडलेली, काटकुळ्या फांद्यांची. पण शेंड्याकडे दहा-बारा बोंडे उकलून पांढरी झालेली. सुरूची फांदी काढून मुलाने ती डब्यातल्या वाळूत रोवली. कागदाच्या साखळ्या तिच्यावर चढवल्या. निराळा बर्फ लागला नाही, आणि त्या पांढऱ्याला कुणी बर्फ म्हणालेही नाही. मग सिस्टरांनी एकूण एक मुलाला साबणाने हात धुवायला पिटाळले. २०१७ साली या जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या वर्षापासून शेतातून आलेल्या कशालाही हात लावला की हात धुवायचे, ही त्यांची सक्त ताकीद आहे. मुलांना ती खुळी वाटते. त्या मुलाचे वडील मात्र मुलांच्या मागे उभे राहून निमूटपणे हात धुऊन आले.

परतल्यावर ते आमच्या गोठ्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ पाहून संकोचाने म्हणाले, 'मॅडम, गव्हान लय उच्ची झाली. बैलानं मान कशी घालाव तिच्यात?' आम्ही पुठ्ठ्याची गव्हाण चार पायांवर, पाळण्यासारखी उंच केली होती. भेटकार्डांतल्या चित्रांत असते तशी. त्यांनी तिचे पाय खिशातल्या पात्याने निम्मे कापले, ती भिंतीला टेकवली आणि बैलाचे तोंड तिच्याकडे वळवले. मग कुटारावर ठेवलेले ते बोटभर मातीचे बाळ त्यांनी उचलले. पऱ्हाटीच्या एका बोंडातला कापूस काढला, चिमटीने सरकी वेगळी केली, उरलेली रुई गव्हाणीत पसरली आणि बाळ तिच्यावर निजवले. म्हणाले, 'लेकराच्या आंगाखाली कुटार टोचते.'

अभ्यासक्रमात आम्ही फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' शिकवतो. गोव्यात १६१६ साली छापले गेलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. एका इंग्रज धर्मगुरूने बायबलमधली कथा पुराणाच्या घाटात आणि मराठी ओवीत आणली, हे आपण त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांनी भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त मराठीत आणला, हेही सांगतो. देशीकरण, आत्मसातीकरण असे शब्द मुलांच्या वह्यांत त्यानिमित्ताने जातात. ते शब्द चुकीचे नाहीत. पण परकी कथा आपल्या मुलखात येते म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या ओसरीवर दिसले. बर्फाला कापूस शोधणे हे त्या कथेचे निव्वळ वेषांतर होते. चित्र तिकडचेच ठेवून फक्त सामान इथले वापरले होते. गव्हाणीची उंची दुरुस्त करणारा माणूस मात्र कथेच्या आत शिरला होता. त्याने गोठा पाहिलेला होता, बैल पाहिलेला होता, लेकराच्या पाठीला काय टोचते ते त्याला ठाऊक होते. कापसाला त्याने कापूसच राहू दिले आणि कापसाचे जे काम आहे, ते त्याच्याकडून करून घेतले.

याचा अर्थ झाडे, कार्डे, बर्फ हे सारे टाकून द्यावे असा मी काढत नाही. सिस्टरांचे ते जुन्या चित्रांचे तोरण आजही दरवर्षी दाराला लागते आणि मला ते आवडते. त्या मुलाच्या घरची परिस्थिती एका देखाव्याने पालटली असेही नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. पण जाहीर झालेला भाव आणि माप झाल्यावर हाती पडणारे पैसे यांतले अंतर त्याच्या वडिलांना माझ्याहून चांगले कळते.

सहा जानेवारीला सजावट उतरवली. कागदाच्या साखळ्या सिस्टरांनी पुढच्या वर्षासाठी घडी घालून ठेवल्या. बैल पोळ्यापर्यंत पुन्हा माळ्यावर गेला. पऱ्हाटीच्या उरलेल्या बोंडांतला कापूस त्या मुलाने स्वतः वेचला आणि माझ्या सासूबाईंना आणून दिला. त्यांनी त्याच्या फुलवाती वळल्या. काटक्या मावशीच्या चुलीत गेल्या. तेव्हापासून झाड पऱ्हाटीचेच असते आणि ते आणण्याचा मान त्याचाच. तो आता सातवीत आहे.

'हिमासारखा शुभ्र कापूस' हे उदाहरण मी अजूनही फळ्यावर लिहिते. चारही अंगे सांगून झाली की मुलांना विचारते, 'या ओळीतले तुम्ही काय पाहिले आहे?' पहिल्यांदा वर्ग गप्प राहतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणते, 'कापूस.' त्या दिवशीचा तास मी तिथून पुढे घेते.